रेघेखालची झेली

ला कोंबेत, ९ नोव्हेंबर १८५६

चि. सेराफीस ताईचे अ. उ. आ. इकडे मी आणि फ्लाव्ही दोघी हातीपायी धड आहोत. तूही तशीच असशील असं धरून चालते.

तुझं गाठोडं पोचलं. साखर वाटेत ओली झाली, पण तिच्याभोवती गुंडाळलेली वर्तमानपत्रं कोरडी राहिली. उलटं झालं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं, हे तुला सांगायला नको.

यंदा अक्रोड उदंड आहे. संध्याकाळी सगळी वाडी आळीपाळीने एकेका घरी जमते. पुरुष लाकडी हातोडीने फोडतात, बायका गर काढतात, आणि मी चुलीपाशी बसून तुझ्या न्यायाधीशसाहेबांनी वाचून टाकलेल्या वर्तमानपत्रांतली कादंबरी वाचते. पानाच्या तळाशी आडव्या रेघेखाली ती छापलेली असते. रेघेच्या वरचं राजकारण कुणालाच नको असतं. माझा तेओद्यूल हयात होता तेव्हा आमच्या घरातून फोडायला दोन हात जायचे, आता वाचायला एक तोंड जातं. लोक म्हणतात, फिट्टंफाट झाली.

एक गंमत सांगते. अख्खा गर निघाला तर शहरातले मिठाईवाले घेतात, चुरा झाला तर तो जातो तेलघाण्यावर. गेल्या आठवड्यात गोंतार म्हाताऱ्याच्या घरी झेलीची आई वारली. झेली म्हणजे कादंबरीतली मुलगी. बायकांचे हात असे थरथरले की अर्धी टोपली चुरा. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारा आमच्या लोहारभट्टीच्या दारात उभा. म्हणाला की बाई, यापुढे माझ्या घरी कुणी मरायचं नाही. मरायचंच असेल तर कोर्बांच्या घरी मरू दे, त्यांचा तेलघाणाच आहे, त्यांना रडं परवडतं. मी म्हटलं, मी कुणाला मारत नाही, ते छापूनच येतं. तर म्हणे, वाचणारी तूच ना?

आता खरी बातमी. आपल्या ल्युसीच्या फ्लाव्हीचं त्याच तेलघाण्यावर जमलं. मुलगा आंसेल्म कोर्बां. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, आणि त्याच्या घाण्याच्या दगडाइतकंच बोलतो. त्याच्या वाटचं सगळं त्याची आई बोलते. नाताळ झाला की चर्चमध्ये तीन रविवार दोघांची नावं पुकारायची आणि उपासाचे दिवस लागण्याआधी लग्न. पोर खूश आहे. आई नसलेल्या पोरीचं एकदा मार्गी लागलं की मी सुटले.

पुढची वर्तमानपत्रं लवकर धाड. माया आहेच, ती टपालाच्या खर्चाला भिऊ नये.

तुझी
ऑनोरीनताई

*

ग्रनोब्ल, २१ नोव्हेंबर १८५६

ती. ताईस सेराफीचा सा. न. वि. वि.

फ्लाव्हीची बातमी वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले आणि रस्सा करपवला. पोरीला म्हणावं, धाकटी मावशी लग्नाला येणार आणि पोटभर जेवणार, कारण आयुष्यभर दुसऱ्यांनाच वाढलंय.

तुझ्या गोंतारला सांग, इथेही तीच तऱ्हा आहे. आमचे साहेब जेवताना सगळ्यांना ऐकवतात की असल्या कादंबऱ्यांनी देश बुडणार. मग वर्तमानपत्र घेऊन खोलीत जातात आणि दार लावतात. बाईसाहेबांनी परवा विचारलं की देश बुडायला अजून किती वेळ आहे, मलाही वाचायचंय. शहरातल्या निम्म्या पोरींनी झेलीसारखा केसांचा भांग एका बाजूला घेतलाय. उरलेल्या निम्म्यांना केस कमी आहेत.

सोबत चार अंक पाठवते. झेली आता पॅरिसला पोचली. मावशीने वाढवलेली पोर, शिवणकामाला लागली, खोलीत थंडी, खिडकीत एक कुंडी, आणि समोरच्या खिडकीत राऊल नावाचा सरदारपुत्र. मला तर त्याचे बूट वाचूनच संशय आला. एवढे चकचकीत बूट घालणारा माणूस चालून कुठे जात नसतो.

तब्येतीला जप. तेओद्यूलभावजींच्या भट्टीत एकटी बसून राहू नकोस, तिथे वारा लागतो. आठवण ठेवशीलच, पण रागवायची आठवण ठेवू नकोस.

तुझी
सेराफी

*

ला कोंबेत, ३ डिसेंबर १८५६

चि. सेराफीस आशीर्वाद. घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

तुझ्या चार अंकांनी घात केला. मावशीने वाढवलेली पोर, शहरात शिवणकामाला गेली, एवढं वाचून होईपर्यंत कोर्बांबाईंचे हात थांबले. त्यांनी फ्लाव्हीकडे पाहिलं. मग त्यांनी पाहिलं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. आपली फ्लाव्ही दोन हिवाळे तुझ्याकडे राहून हातमोजे शिवायला जात होती, हे वाडीत कुणाला माहीत नाही? इतके दिवस ते तिच्या हुशारीत जमा होतं. त्या क्षणापासून दुसरीकडे जमा झालं.

उठताना कोर्बांबाई मला म्हणाल्या की ऑनोरीनबाई, राग नसावा, पण नावं पुकारायची जरा थांबवू. ही झेलीची गोष्ट संपू दे. असल्या पोरींचं पुढे काय होतं ते एकदा कळू दे. मी म्हटलं, अहो, ती छापलेली पोर आहे, ही जितीजागती आहे. तर म्हणाल्या, म्हणूनच तर. छापलेल्या पोरीचं निदान सगळं कळतं तरी. जितीचं कोण सांगतं?

आंसेल्मला मी दारात गाठलं. त्याला काय वाटतं म्हणून विचारलं. तो म्हणाला, आई म्हणते की थांबू. मी म्हटलं, तू काय म्हणतोस? त्याने बराच विचार केला आणि म्हणाला की मीपण तेच म्हणतो, म्हणजे आई म्हणते ते.

आता सगळी वाडी वाद घालते. माणूस बदलतो की नाही, यावर. गोंतार म्हणतो, कोणी बदलत नाही, माझी बायको चाळीस वर्षं तशीच आहे. त्याची बायको म्हणते, मी खूप बदलले, पण ह्यांनी वर पाहिलं असेल तर कळेल. पाद्रीबुवांनी कादंबरीला बंदी केली आहे, पण त्यांची घरकामवाली मार्स्लीन रोज दाराजवळ बसते आणि त्यांना जाऊन सांगते. परवा ती सर्दीने आली नाही, तर दुसऱ्या दिवशी बुवांनी मलाच रस्त्यात थांबवून विचारलं की काल कोणतं पाप झालं, म्हणजे रविवारी त्यावर बोलता येईल.

फ्लाव्ही खाली मान घालून गर काढते, आणि सगळ्या खोलीत अख्खा गर फक्त तिच्याच टोपलीत असतो. मला त्याचीच भीती वाटते. तिची आईही असाच धीर धरायची आणि मग एकदम उठायची.

सेराफी, साहेबांना विचार, बाईसाहेबांना विचार, छापखान्यात जाऊन विचार, पण शेवट काय आहे ते मला कळव. पोरीचं लग्न त्या रेघेखाली अडकलं आहे.

लोभाची काळजी नाही, उत्तराची आहे.

ताई

*

ग्रनोब्ल, १५ डिसेंबर १८५६

ती. ताईस सा. न. वि. वि. पत्र वाचून मी कोर्बांबाईंना मोठ्याने काहीतरी म्हटलं. इथे लिहीत नाही, टपालात दुसऱ्यांचीही पत्रं असतात.

शेवट कुणालाच ठाऊक नाही. साहेबांच्या ओळखीचे एक छापखान्यातले गृहस्थ जेवायला आले होते, त्यांना मी वाढता वाढता विचारलं. ते म्हणाले की लिहिणारा आठवड्याच्या आठवड्याला लिहितो. लोकांची पत्रं येतात, त्यांवरून तो ठरवतो की कोण सुधारायचं आणि कोण बिघडायचं. मागच्या कादंबरीत त्याने एका म्हाताऱ्याला मारलं, लोक खवळले, म्हणून दोन आठवड्यांनी तो म्हातारा समुद्रातून परत आला. मुलगी तीच, पण वाचकांना कंटाळा आला की तिचा स्वभाव बदलतो. मी म्हटलं, आमच्याकडे याला स्वभाव म्हणत नाहीत, बाजार म्हणतात. साहेबांनी डोळे वटारले. सुरई खाली ठेवून मी आत आले.

आणि आता वाईट बातमी. सोबतच्या अंकात झेली राऊलच्या वाड्यात राहायला गेली आहे. रेशीम नेसते. मावशी गावाहून भेटायला आली, तर झेलीने नोकराकडून सांगवलं की बाईसाहेब घरी नाहीत. मावशी पावसात परत गेली. हे वाचताना मला तू दिसलीस आणि मी कांदा चिरत नव्हते तरी डोळे पुसले.

ताई, माझं ऐक. तिथे तुझ्याशिवाय वाचता कुणाला येतं? एक फ्लाव्ही, ती सांगणार नाही. पाद्रीबुवा विचारणार नाहीत, कारण त्यांनी ऐकलेलंच नाही. छापणारा लोकांसाठी पोरीला बिघडवतो, तू आपल्या पोरीसाठी तिला सुधार. पाप लागलं तर निम्मं माझ्या नावावर मांड.

तुझी
सेराफी

*

ला कोंबेत, २९ डिसेंबर १८५६

चि. सेराफीस आशीर्वाद. निम्मं पाप तुझ्याकडे पाठवते, जपून ठेव.

मी झेलीला सुधारलं. कागद समोर धरला आणि डोळे त्यावरून फिरवत मनचं बोलले. राऊलला तिने दारातूनच परत पाठवलं. मावशी आली तेव्हा धावत जाऊन तिचे ओले जोडे स्वतः काढले. जोडे काढताना मी स्वतःच खाली वाकले, इतकं ते मला खरं वाटलं. गोंतारच्या घरी त्या दिवशी एक गर फुटला नाही. त्याने मला निघताना अक्रोडाची पिशवी दिली आणि म्हणाला की बघ, मनावर घेतलं तर तुला चांगलं वाचता येतं.

चार दिवस वाटलं, जिंकलो. मग मला कळलं की चांगल्या माणसाला कादंबरीत काही कामच नसतं. वाईट माणूस सकाळी उठला की त्याचं एक पान भरतं. चांगली झेली उठते, अंथरूण आवरते, आणि पुढे? लोक तर वाट पाहत बसलेले. म्हणून मी तिला अजून चांगली केली. ती पहाटे उठते. स्वतःचा पाव भिकाऱ्याला देते. मालकिणीने शिवी दिली तर तिच्यासाठी प्रार्थना करते. रविवारी पाद्रीबुवांनी प्रवचनात सांगितलं की पॅरिससारख्या नरकातही एक झेली आहे, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट त्यांना माहीत असायला नको होती. ते बराच वेळ खोकले.

पण कोर्बांबाई! परवा मला बाजूला घेऊन म्हणाल्या की ऑनोरीनबाई, पोर असावी तर अशी. पहाटे उठते, उलट बोलत नाही. तुमची फ्लाव्ही नाताळला हातमोजे घालून चर्चला आली होती. झेली घालेल का हातमोजे? मी म्हटलं, हातमोजे तिने स्वतः शिवलेत. त्या म्हणाल्या, झेलीने शिवून ते गरिबाला दिले असते.

म्हणजे आधी पोर झेलीसारखी आहे म्हणून नको होती, आता झेलीसारखी नाही म्हणून नको आहे. मी माझ्या हातानेच तिची सवत उभी केली. आता तिला थोडी बिघडवावी म्हटलं तर वाडी मला भट्टीत घालील.

तेओद्यूल असता तर हसून लोळला असता. मग त्याने हातातली सांडशी खाली ठेवून तेलघाण्यावर जाऊन चार शब्द सांगितले असते. मला हसताही येत नाही आणि जाताही येत नाही.

काय करू ते कळव. तुझी माया माहीत आहे, अक्कल पाठव.

ताई

*

ला कोंबेत, ८ जानेवारी १८५७

ती. धाकट्या मावशीस फ्लाव्हीचा सा. न.

मोठ्या मावशीचं पत्र माझ्या मागोमाग येईलच, पण माझं मी आधी सांगते. काल कोर्बांच्या घरी बैठक होती. मावशी वाचत होती की झेलीने आजारी मालकिणीचे पाय चेपले. आंसेल्मची आई म्हणाली की ऐक गं फ्लाव्ही, शिक काहीतरी. माझ्या मांडीवर टोपली होती. ती मी खाली ठेवली, मावशीच्या हातातून कागद घेतला आणि छापलंय ते वाचलं. झेलीने राऊलच्या मित्राकडून दागिना घेतला आणि मावशीचं पत्र न फोडता चुलीत टाकलं, असं छापलं होतं. मावशीने मला अडवलं नाही. तिने नुसते हात मांडीवर ठेवले.

खोलीत इतका गोंधळ झाला की कुत्रा बाहेर पळाला. कुणी म्हणे, कागद बदलला. गोंतारआजोबा म्हणे, माझ्या घरी होती तेव्हा चांगली होती पोर, हा कोर्बांच्या घरचा गुण. मी सगळ्यांना सांगितलं की झेली कुठेही नाही. पॅरिसमध्ये एक माणूस बसून एक झेली करतो आणि इथे माझी मावशी माझ्यासाठी दुसरी करते, आणि दोघींपैकी एकीलाही कधी भूक लागलेली नाही. मला लागते. मी दोन हिवाळे हातमोजे शिवले, बोटं सुजली, रात्री धाकट्या मावशीच्या कुशीत झोपले, आणि यात छापण्यासारखं काही झालं नाही. हे ज्याला पुरेसं असेल त्याने आता सांगावं.

मग मी आंसेल्मकडे पाहिलं. त्याच्या एका हातात अक्रोड होता, दुसऱ्यात हातोडी. त्याने आईकडे पाहिलं. मी थांबले, मावशी. खरंच थांबले. त्याने तो अक्रोड फोडला, गर काढला आणि टोपलीत टाकला. मग मी निघाले.

जुन्या मालकिणीकडे माझी जागा आहे का विचारून ठेव. गाडी मिळेल तशी येते. मोठी मावशी रडत नाहीये, पण तिने माझ्या मोज्यांची तिसऱ्यांदा घडी घातलीय.

तुझी
फ्लाव्ही

*

ग्रनोब्ल, २ फेब्रुवारी १८५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोर ठीक आहे. मालकिणीने तिला लगेच घेतलं, कारण शहरातल्या पोरी झेलीसारख्या खिडकीत बसून उसासे टाकतात आणि टाके चुकतात. फ्लाव्ही जेवते, कधीकधी गप्प बसते, मग पुन्हा जेवते.

कादंबरी संपली. ऐकून घे. राऊल हा झेलीचा हरवलेला भाऊ निघाला, मावशी तिची खरी आई निघाली, मेलेली आई मेलीच नव्हती, आणि झेली मठात गेली. साहेब रडले. मग म्हणाले की हे अगदी खोटं आहे, आणि नवीन कादंबरीचा पहिला अंक मागवला.

आणि काल रविवारी आमच्या मागच्या दारात आंसेल्म. अंगावर चांगला कोट, हातात तेलाची बरणी. मी विचारलं, कशाला आलास? तो म्हणाला की आईने पाठवलंय, शहरात फ्लाव्हीचं काय झालं ते बघून ये म्हणाली. खरं बोलतो, हे मात्र त्याच्या बाजूने मांडायला हवं. फ्लाव्ही बाहेर आली. तिने त्याला बसायला सांगितलं नाही. म्हणाली की तुझ्या आईचं नसेल असं एक वाक्य बोल, मग बघू. ताई, तो उभा राहिला. मी भांडी घासली, पुसली, मांडून ठेवली. शेवटी तो म्हणाला की तेल उजेडात ठेवू नका, खवट होतं.

फ्लाव्ही हसली. तुझ्याकडून आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग तिने बरणी आत घेतली, त्याला परत पाठवलं, आणि सांगितलं की पुढचं वाक्य लिहून धाड, पण स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा तिला कंटाळा आलाय. त्याने सांगितलं की त्याला लिहिता येत नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

पोर काय ठरवेल ते मला विचारू नकोस. ती स्वतःही सांगत नाही.

कृपा असू दे, आणि मोज्यांचा अजून एक जोड पाठव.

तुझी
सेराफी

*

ला कोंबेत, १५ फेब्रुवारी १८५७

चि. सेराफीस अ. उ. आ.

तुझं पत्र आल्याचं गाडीवाल्याने माझ्याआधी वाडीला सांगितलं. त्या संध्याकाळी गोंतारच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. झेली मठात गेल्याचं मी दोन वाक्यांत सांगितलं. मग गोंतारच हळूच म्हणाला की ते जाऊ दे, फ्लाव्हीचं काय झालं ते वाच. कोर्बांबाई चुलीजवळ सगळ्यात पुढे बसल्या होत्या. त्यांनी आंसेल्मला घरी खोदून खोदून विचारलं होतं आणि तो म्हणाला होता की ठीक आहे. पुन्हा विचारलं तर म्हणाला, मला एवढंच सांगायचं आहे. बाई मला म्हणाल्या की सत्तावीस वर्षांत हा मला असं कधी बोलला नव्हता, तुमच्या पोरीने काय केलं त्याला? त्या खरंच घाबरलेल्या दिसल्या. वाचा हो, म्हणाल्या, हवं तर सुधारून वाचा.

मी तुझं पत्र उघडलं, ताईस साष्टांग नमस्कार एवढं वाचलं आणि घडी घातली. मार्स्लीन दाराजवळून ओरडली की मग बुवांना मी काय सांगू? मी म्हटलं, नमस्कार सांग.

आंसेल्म दुपारी भट्टीवर येतो. अक्षरं शिकतो. हात जड आहे, पाटी दोनदा फोडली. आईला विचारून येतोस का म्हटलं, तर मान हलवली. कोणत्या बाजूला ते मी पाहिलं नाही.

त्याला वाचायला देण्यासारखं माझ्याकडे पुस्तक नाही, म्हणून तेओद्यूलचे खिळे ज्या कागदांत गुंडाळून यायचे ते कागद काढले. मी त्यांवरच शिकले होते, तुला ठाऊक नसेल. सगळे फाटके तुकडे. कुणी घोड्यावर बसतोय, कुणी जिन्यावर उभी आहे, आणि तिथेच कागद संपतो. काल आंसेल्मने बोट ठेवत ठेवत एक तुकडा पुरा केला आणि मला विचारलं की ती जिना उतरली का? मी म्हटलं, पुढे फाटलंय. तो अस्वस्थ झाला. तेओद्यूल नाल ठोकता ठोकता मला हेच विचारायचा, आणि मी फाटलंय म्हटलं की म्हणायचा, बरं झालं, म्हणजे अजून सगळे जिवंत आहेत.

तेओद्यूलचा स्वतःचा कागद मात्र कुठे फाटला नाही, शेवटापर्यंत आला. असो.

मोजे पाठवते आहे. आंसेल्मच्या हातचा कागद आला तर फ्लाव्हीला दे, आणि ती काय म्हणाली ते मला लिहू नकोस. वाडीला मी तोंड देईन. पोरीचं थोडं तिच्याकडेच राहू दे.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच धरून ठेव.

ऑनोरीनताई